यंत्रातून निघालेली भांडी

माझी मावशी धुरपता हिने बोरगाव मेघेच्या कोकिळाबाईंकडे बारा वर्षं भांडी घासली. आम्ही बौद्ध, म्हणून तिने घासलेलं प्रत्येक भांडं बाई पुन्हा विसळूनच आत नेत. एक्याऐंशी साली त्यांच्या मुलाने अमेरिकेहून भांडी धुण्याचं यंत्र आणलं आणि मावशीचं काम गेलं. आठवडाभरातच त्या मेल्या यंत्रात पाणी भरेना, तेव्हा आठवण कोणाची झाली? मावशीची! त्या घरचा नळ गाळ ओकतो, हे तिलाच ठाऊक. तिने यंत्राची नळी सोडली, नळीच्या तोंडाची बुजलेली जाळी बोटांनी साफ केली. यंत्र भरलं, भांडी धुऊन निघाली आणि बाईंनी ती तशीच फळीवर मांडली.

मावशीला राहवलं नाही. "जाळीले माहाच हात लागला, बाई. आता काऊन नाई विसळत?"

बाईंनी एकेक ताट खाली काढलं आणि विसळायला घेतलं.