विरजणाची मुदतवाढ

विषय : निम्नस्वाक्षरीकाराच्या हातून दही मेल्याबाबत.
संदर्भ : १) डॉक्टरांची चिठ्ठी. २) कालकथित शांता यांचे विरजण.

उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, माझ्याइतका शहाणा माणूस बीड जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. हसू नका, आधी ऐका तर!

शांताला, म्हणजे आमच्या मंडळींना, जाऊन दोन वर्षं झाली. तिचं दही मात्र चालू होतं. रोज संध्याकाळी कोमट दुधात कालच्या दह्याचा एक चमचा. मूळ आदेश तिचा, मी फक्त रोजची मुदतवाढ देत होतो. दह्याचा घास घेतला की वाटायचं, ती आत भाकरी थापतेय. निवृत्त माणसाला एवढं वाटायला परवानगी लागत नाही.

मागच्या थंडीत दाढ सुजली. डॉक्टरांनी दोन प्रकारच्या कॅप्सूल दिल्या.

"ही अँटिबायोटिक. ही जंतू मारते, पण पोटातले चांगलेही मारते. म्हणून ही दुसरी, प्रोबायोटिक. हिच्यात चांगले, जिवंत जंतू आहेत. दही खा. कांदा, लसूण, केळीही खा, ते प्रीबायोटिक."

"म्हणजे?"

"त्या जंतूंचं खाणं."

मला लगेच उमगलं. जंतू हे कर्मचारी, आणि कांदा-लसूण हा त्यांचा महागाई भत्ता! घरी येऊन कॅप्सूल दोन डब्यांत भरल्या, वर चिठ्ठ्या डकवल्या, 'अ' आणि 'ब', आणि पाकिटं फेकली. दाढेची सूज उतरली तशा दोन्ही गोळ्या बंद.

पुढं थंडी वाढली आणि दही पातळ झालं. ताटात पळायला लागलं. जिवाला घोर लागला. हेही जातंय की काय? मग डोकं चाललं. मनुष्यबळ कमी पडतंय ना? नवी भरती करा! चांगले जंतू घरात डबाभर पडलेत. आणि अ वर्ग वरचा, हे शिपायालाही ठाऊक असतं. 'अ'मधल्या चार कॅप्सूल दुधात फोडल्या. हात आखडायचा कशाला? वाटीतलं सगळं विरजणही ओतलं.

सकाळी दूध तसंच. दुपारी तसंच. दुसऱ्या दिवशी नुसता वास.

मुलीला, वंदनाला, व्हिडिओ कॉल लावला.

"जयभीम अण्णा. तोंड काहून पडलंय?"

"दही लागंना गं. औषध घातलं, तरी."

"दह्याला औषध?"

"चांगले जंतू. अ वर्गाचे."

"अण्णा, चिठ्ठी डकवताना 'अ' म्हणजे काय होतं?"

मी डबा हातात घेतला. अ. अँटिबायोटिक.

ती खो खो हसली. मग एकदम थांबली. "आईचं होतं का ते?"

"होतं. सगळं ओतलं."

मग सरूबाई आठवल्या. पूर्वी आमच्या मागच्या अंगाला म्हशी राखून राहायच्या, आता लिंबागणेशला असतात. जाताना त्यांनी शांताकडून विरजण नेलं होतं. फोन केला.

"वैनीचं इरजन? हाय की दादा! रोज लावते. या घिऊन जावा."

मी बोलता बोलता चपला घातल्या.

"पर मदी म्या म्हायेरी गेलते, तवा दही पार नासलं. मंग शेजारनीचं आनलं."

"म्हणजे शांताचं नाही?"

"आता कसं सांगू? शेजारनीनं आदी माज्याकडूनच नेलतं. पर तिचंबी एकदा बिगडलं व्हतं म्हनं. इचारून सांगते. दही लई ग्वाड हाय दादा, खाऊन तरी बगा!"

चपला काढल्या. छत्तीस वर्षं तहसील कचेरीत मी लोकांना वारस दाखल्यासाठी चकरा मारायला लावल्या, 'पुरावा जोडा' म्हणून अर्ज परत केले. आता मीच वारस दाखला मागतोय, तोही दह्याचा!

रोज संध्याकाळी दूध कोमट करून ठेवतो. तासभर वाट बघतो, मग त्याचा चहा करतो. तुम्ही आत्ता पिताय, तो त्याचाच.

सरूबाईंची शेजारीण लेकीकडे परळीला गेली आहे. ती परतल्यावर चौकशी होईल. सबब, अर्ज आजमितीस प्रलंबित आहे.