बिनसाखरेची आंबापोळी

दोन हजार सालच्या सुमारास रत्नागिरीच्या एसटी स्टँडसमोर एक बाई आंबापोळी घेऊन बसायची. पुढ्यातल्या पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेलं असायचं, ‘साखर नाय’. बोलणं कमी, बोट मात्र सारखं पोळीवर. जरा चिकट लागली की ती पोळी पुन्हा कठड्यावर उन्हात जायची. कुणी घाई केलीच तर म्हणायची, “ऊन काय माझ्या घरचं हाय?”

मला मधुमेह. तरी त्या पुठ्ठ्याच्या भरवशावर मी दर आठवड्याला एक पाकीट न्यायचो आणि पौष्टिक खातोय म्हणून खूश असायचो. एकदा रक्त तपासून परतताना, दंडावर कापूस दाबूनच तिच्यासमोर उभा राहिलो. तिने कापसाकडे पाहून “साखर तपासली?” विचारलं आणि मी मान हलवताच पुढे केलेलं पाकीट मागे घेतलं.

“साखर मी नाय घातली. आंब्यान घातली ती कुठं जाईल?”

दोन बोटं रुंद पट्टी कापून तिने माझ्या हातावर ठेवली. “आता उद्या.”

भर रस्त्यात मला कानकोंडं झालं, रागही आला. तरी दुसऱ्या दिवशी गेलो. माझं पाकीट तिने वेगळं ठेवलं होतं. नाव तिला ठाऊक नव्हतं, म्हणून आत चिठ्ठी होती : ‘कापूसवाले. रोज एकच पट्टी.’