चौथ्या गेटवरची डावी स्की

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, ज्या मैत्रिणीपासून काही लपवत नाही तिलाही नाही. विषय जवळ आला की मी दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीवर बोलायला लागते — ते मला छान जमतं.

मी पत्रकांवर वाढले. पुण्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर पत्रकांचे गठ्ठे असत. बाबा लिहीत, मी घड्या घालत असे. पाणी, कामगारांचे पगार, वस्तीवरची कारवाई. ‘अधिकाऱ्याला विचारा — तुम्ही स्वतः पाहिलंत का?’ हे वाक्य मला कवितांच्या आधी पाठ झालं. नोकरीसाठी डब्लिनला आले, ब्लँचर्डस्टाउनमध्ये घर घेतलं भाड्याने, आणि इथल्या मराठी मंडळींत माझी ओळख झाली ती हीच — ही खरं बोलते, तोंडावर बोलते. मला ती ओळख आवडायची. फार आवडायची.

शेजारची नेहाताई डब्लिनच्याच टॅला भागातल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. मला धाकट्या बहिणीसारखं वागवते. तिची ईरा तेव्हा अकरा वर्षांची होती आणि स्कीइंग करायची. आयर्लंडमध्ये कुठलं आलंय स्कीइंगपुरतं बर्फ? इथे टेकडीच्या उतारावर प्लॅस्टिकचे ताठ ब्रश अंथरतात, त्यावर पाणी फवारतात, आणि मुलं बर्फ असल्यासारखी त्यावरून खाली येतात.

मुलांच्या रेसचा दिवस कसा असतो हे घरच्यांना आधी कुणी सांगत नाही. भल्या सकाळी निघायचं, छातीवर बांधायचं नंबराचं बिब घ्यायचं, आणि मग थांबायचं. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या दोन फेऱ्या. बाकी दिवसभर पाऊस, ओले मोजे, फ्लास्कमधला चहा आणि नेहाताईच्या तिखटमिठाच्या पुऱ्या. शिवाय सोबत आलेल्या मोठ्यांना कामाला लावतात. मला गेट जज केलं. उतारावर खांबांच्या जोड्या रोवलेल्या असतात, ती गेटं; माझं चौथं. दोन्ही स्की त्या जोडीच्या मधून जायला हव्यात. एक जरी बाहेरून गेली तर मूल बाद. खांबाकडे बघायचं नाही, पायांकडे बघायचं — खांब कसाही हलतो. आणि शंका असेल तर निर्णय मुलाच्या बाजूने. एवढंच शिकवलं होतं. अवघड आहे का हे?

माझ्या खालच्या गेटवर एक उंच आयरिश बाबा होता. ईराकडे बोट दाखवून म्हणाला, “ती तुमच्यातलीच ना? मग काय, ग्रँड! तिला सगळं माफ!” गंमत होती. मीही हसले. पण ते मला लागलं.

दुसऱ्या फेरीत ईरा सुटली तेव्हा मी फोनमध्ये होते. लिहीत होते — हा खेळ कुणाच्या मुलांना परवडतो, या उतारावर कोण दिसतं आणि कोण दिसत नाही. वाक्य चांगलं जमत होतं. तेवढ्यात खांबाचा फटका ऐकू आला. मान वर केली तर ईरा पुढच्या गेटपाशी पोचली होती, माझा खांब डुलत होता, आणि जाळीमागून कुणीतरी “ओह!” म्हणालं.

मी तिला बाद केलं.

शंका होती म्हणू? शंका कसली — मी पाहिलंच नव्हतं. दुसरं कुठलंही मूल असतं तर सोडून दिलं असतं. ईरा आपली होती, म्हणून सोडलं नाही. मी आपल्या माणसांना सूट देत नाही, हे त्या उंच माणसाला दिसायला हवं होतं.

पण एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

पहिल्या फेरीत ईरा तिसरी होती. पहिल्या तिघींना क्लब सरावाला परदेशी, खऱ्या बर्फावर नेणार होता. ती महिनाभर दुसरं काही बोलत नव्हती. बाद झालेल्यांची नावं फलकावर लागली तशी ती धावत माझ्याकडे आली. “आय वेंट थ्रू इट, मावशी! आय डिड!” नेहाताईने हरकत घेतली. मुख्य पंच, एक वयस्क बाई, यांनी मला बाजूला बोलावलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं — तू स्वतः पाहिलंस?

मी हो म्हणाले.

कुठली स्की बाहेर गेली?

“डावी,” मी म्हणाले. आवाज हललासुद्धा नाही. डावी का? मला आजही सांगता येत नाही. काहीतरी म्हणायचं होतं.

“फेअर प्ले टू यू,” बाई म्हणाल्या — इथल्या बोलीत शाब्बास. घरच्याच पोरीला बाद करणं सोपं नसतं, असंही म्हणाल्या. उंच बाबाने पाठीवर थाप मारली. नेहाताईने हरकत मागे घेतली आणि ईराला म्हणाली, “पुरे आता. मावशी खोटं बोलणार नाही. तू बोलतेयस.”

मी तिथेच उभी होते. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं.

परतताना गाडीत नेहाताईने तिला माझी माफी मागायला लावली. एरवी मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला इंग्रजीत उत्तर देणारी ती पोर खिडकीबाहेर बघत मराठीत म्हणाली, “सॉरी, मावशी. मी खोटं बोलले.” आणि मी — मी मागे वळून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “असू दे गं, होतं असं,” म्हणाले. मी तिला माफ केलं.

त्या उन्हाळ्यात तिने स्कीइंग सोडलं. नेहाताई अजून गणपतीला जमलेल्या लोकांना हा किस्सा सांगते, माझं कौतुक म्हणून. ईरा तेव्हा उठून दुसऱ्या खोलीत जाते. मी बसून राहते आणि हसते.

ईरा कदाचित खरंच बाहेरून गेली असेल. मला माहीत नाही. हे ‘माहीत नाही’ मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं.

आता ती चौदा वर्षांची आहे. तिला मराठी समजतं, वाचता येत नाही. नेहाताईला ड्यूटीतून वाचायला वेळ मिळत नाही. हे मी मराठीत लिहायचं ठरवलं, तेव्हा या दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या.