काशीनाथचं गणित सुटलं

माझ्या मूर्खपणाची सगळी यादी ऐकायची म्हटली तर चहाच्या दोन किटल्या लागतील. एवढा वेळ तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. त्यातला सगळ्यात महागात पडलेला तेवढा सांगतो. बिस्किटं घ्या.

साल पंच्याण्णव-शहाण्णव असेल. मी नाशिकच्या एका कॉलेजात अकरावी सायन्स कशीबशी पास झालो होतो. 'कशीबशी' हा माझा शब्द. दादा, म्हणजे माझे वडील, याहून स्पष्ट बोलत. ते एकलहऱ्याच्या थर्मलला, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रात, बॉयलरवर ऑपरेटर होते आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. त्यांची इच्छा एकच होती. पोरानं इंजिनीअर व्हावं आणि त्यांच्याच युनिटवर साहेब होऊन यावं.

"मी रिटायर व्हायच्या आत ये म्हणजे झालं," ते म्हणायचे. "आजवर परक्यांच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी एकदा घरच्या माणसाच्या खाऊ दे."

इच्छा चांगली होती. अडचण एवढीच की इंजिनीअरिंगला गणित लागतं, आणि गणिताचं नि माझं काही जमत नव्हतं. पण माझ्याकडे काशीनाथ होता.

काशीनाथ हरसूल गावचा. पंचवटीत होस्टेलवर राहायचा, वर्गात माझ्या शेजारी बसायचा. गणितात त्याचं डोकं असं चालायचं की सर फळ्यावर अडखळले तर आधी त्याच्याकडे बघायचे. माझा अख्खा अकरावीचा गृहपाठ त्याच्या वहीतून माझ्या वहीत आला होता. मी त्याला दोस्त मानायचो. तोही मला मानायचा, का ते विचारू नका.

आता मुद्दा नीट ऐका. आमच्या कॉलेजात बारावीला जाताना विषय निवडीचा अर्ज भरावा लागे. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा, नाहीतर एक सोडा आणि त्याच्या जागी भूगोल घ्या. गणित सोडलं की इंजिनीअरिंगचं दार बंद. जीवशास्त्र सोडलं की डॉक्टरकीचं. काशीनाथला इंजिनीअर व्हायचं होतं. त्याच्या आबांना, म्हणजे त्याला शिकवणाऱ्या चुलत्यांना, घरात डॉक्टर हवा होता. आणि मला, काशीनाथ जिकडे जाईल तिकडे जायचं होतं.

एप्रिलमध्येच मी पुढच्या वर्षाचं वेळापत्रक बनवून टाकलं. अभ्यासात नसलो तरी वेळापत्रकात मी फार हुशार. ड्रॉइंगचा मोठा कागद आणला, स्केचपेनांनी रंगवला. भौतिकशास्त्र निळं, रसायन हिरवं, गणित लाल. सकाळी साडेसहाला क्लास, आठ ते नऊ 'काशीनाथशी गणितावर चर्चा'. ही चर्चा म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल.

शेवटच्या तासाला गणिताच्या सरांनी फळ्यावर त्रिकोणमितीचं एक गणित लिहिलं. डावी बाजू बरोबर उजवी बाजू, सिद्ध करा. म्हणाले, "हे सुट्टीत ज्याला सुटेल त्यानं बारावीला डोळे झाकून गणित घ्यावं. बाकीच्यांनी डोळे उघडून विचार करावा." सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. मी वेळापत्रकाला चौकट मारत होतो, त्यामुळे माझं राहिलं.

मे महिन्यात काशीनाथच्या चुलतबहिणीचं लग्न निघालं. तो हरसूलला चालला होता, मी सीबीएस स्टँडवर सोडायला गेलो. गाडीत चढता चढता त्यानं एक कागद माझ्या हातात दिला. विषय निवडीचा अर्ज. खाली सही केलेली, वर सगळं कोरं.

"शुक्रवारी एक वाजेपर्यंत द्यायचा हाय. मी काय तवर येत नाय. तू भर."

"काय भरू?"

"अजून ठरलं नाय. घरी बघतो. गणित सुटलं की फोन करतो. नाय सुटलं तर दोन्ही ठेव, मंग बघू."

तेवढ्यात गाडी निघाली. आता मराठीची गंमत बघा. गणित सोडवलं तरी सुटतं आणि सोडलं तरी सुटतं. त्याच्या डोक्यात सरांचं गणित. माझ्या डोक्यात त्याचे आबा. मला वाटलं, बिचारा म्हणतोय, आबांनी गणित सोडायला लावलं तर कळवतो.

कॉलनीत आमच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या भामरे काकूंचा नंबर आम्ही सगळ्यांना दिला होता, त्यांना न विचारता. शुक्रवारी सकाळी साडेअकराला काकूंनी भिंतीवर लाटणं आपटून मला बोलावलं.

"तुझ्या त्या हरसूलच्या मित्राचा फोन होता."

"होता म्हणजे? मला हाक का नाही मारली?"

"तीस सेकंदांत कट झाला. म्हणाला, सांगा त्याला, गणित सुटलं."

"अजून काय म्हणाला?"

"एवढंच. दोनदा म्हणाला. गणित सुटलं, काकू, सुटलं."

"आवाज कसा होता?"

काकूंनी जरा विचार केला. "लाइनीत खरखर लय होती. रडत होता का हसत होता, नाय सांगता येणार. पण दाटून आलं होतं पोराला."

मला खरंच वाईट वाटलं. लग्नघर, पाहुणे, मधे आबा बसलेत, आणि हा कोपऱ्यात उभा राहून आपलं इंजिनीअरिंग सोडतोय, असं सगळं डोळ्यांसमोर आलं. मी एसटीनं कॉलेजला निघालो. खोटं कशाला बोलू, माझ्या दुःखातला निम्मा वाटा काशीनाथसाठी होता. उरलेला निम्मा सकाळी आठ ते नऊच्या चर्चेसाठी.

कारण काशीनाथ नसेल तर बारावीचं गणित मी कुणाच्या जिवावर करणार? द्वारका चौक येईपर्यंत माझा निर्णय झाला होता. मित्र सोडतो तर मीही सोडणार. दोस्तीसाठी त्याग. हा शब्द सुचल्यावर मला बरंच हलकं वाटलं.

ऑफिसात सोनवणे मॅडम डबा उघडायच्या बेतात होत्या. मी दोन अर्ज पुढे केले. दोन्हीत गणिताच्या चौकोनात फुली, भूगोलाच्या चौकोनात बरोबरची खूण.

"दोघांचंही गणित सुटलं का?" त्यांनी विचारलं.

"हो मॅडम, सुटलं."

"विचार केलाय ना? नंतर बदल नाही हं."

"पूर्ण विचार केलाय," मी म्हणालो. आयुष्यात एवढ्या ठामपणे मी क्वचितच काही बोललो असेन. त्यांनी शिक्के मारले आणि डबा उघडला.

राहिले दादा. संध्याकाळी ते पाळी करून आले, चहा घेतला आणि नेहमीचं विचारलं, "काय चिरंजीव, आज काय दिवे लावले?"

खरं सांगायची हिंमत नव्हती. खोटं बोललो तर ते लगेच ओळखत. मग सकाळपासून कानात घुमत होतं तेच वाक्य तोंडातून बाहेर पडलं.

"दादा, गणित सुटलं."

"सुटलं?"

"हो."

"पुरतं सुटलं?"

"पुरतं."

दादांनी कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि सायकलवर टांग मारली. तासाभरानं नाशिकरोडहून अर्धा किलो जिलबी घेऊन आले. भामरे काकूंनाही दिली. काकू म्हणाल्या, "याचंही सुटलं का? आज सगळ्यांचीच सुटतायत." मी चार जिलब्या खाल्ल्या. न खाऊन भागलं नसतं.

सोमवारी काशीनाथ आला. होस्टेलवर न जाता थेट आमच्या घरी. हातात उरलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा. मी दार उघडलं आणि त्याला मिठीच मारली.

"वाईट वाटून घेऊ नकोस, काश्या. मी तुझ्याबरोबर आहे."

"वाईट कशाचं?" त्यानं पत्रिका पुढे केल्या. मागच्या कोऱ्या बाजूंवर पेन्सिलीनं आकडेमोड. सात पत्रिका भरलेल्या. आठवीवर शेवटची ओळ, डावी बाजू बरोबर उजवी बाजू, आणि खाली दोन रेघा. "हळदीच्या दिवशी सुटलं. आबांना दाखवलं. त्यांना काय कळलं नाय, पण म्हणाले, लग्नाच्या गोंधळात जो पोरगा हे करतो त्याला आडवायचं नाय. जा, हो इंजिनीअर. मला तर फोनवर बोलता येईना."

तो पत्रिका समजावून सांगत होता आणि मला त्यातलं अक्षर दिसत नव्हतं.

"अर्ज दिलास ना?"

"दिला."

"गणित?"

"सुटलं," मी म्हणालो.

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यानं शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं पत्रिका एकावर एक नीट लावल्या आणि म्हणाला, "आबांनी माझ्यासाठी पहिल्यांदा त्यांचा शब्द मागं घेतला रे." मला एवढी शरम दुसऱ्या कशाची वाटलेली नाही. आजही नाही.

आम्ही कॉलेजात गेलो. सोनवणे मॅडम म्हणाल्या, याद्या झाल्या, गणिताची तुकडी भरली. एका मुलाच्या वडिलांची बदली झाल्यानं एकच जागा मोकळी आहे, पण सरांची सही आणा. एकच जागा, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

सर स्टाफरूममध्ये होते. काशीनाथनं पत्रिका पुढे ठेवल्या. सरांनी पहिली वाचली, दुसरी वाचली, चष्मा पुसून आठवी वाचली. मग पत्रिका उलटून नवरानवरीची नावंही वाचली. काशीनाथच्या अर्जावर सही केली.

मग माझ्याकडे बघितलं. "आणि तुझं? तुझं सुटलं का?"

खोटं बोलायची माझी ताकद संपली होती. "हो सर. सुटलं."

"अरे वा. दाखव."

मी खिशात हात घातला. खिशात घडी केलेलं वेळापत्रक होतं. का दिलं ते अजून मला सांगता येत नाही, पण दिलं. सरांनी ते टेबलावर पसरलं. बराच वेळ बघत राहिले.

"आठ ते नऊ, काशीनाथशी चर्चा. रोज?"

"रोज, सर. रविवारी साडेनऊपर्यंत."

"ही चर्चा दोन वह्या समोर ठेवून होते ना?"

"हो सर."

सरांनी वेळापत्रकाची घडी घालून परत दिलं. "रंगकाम सुरेख आहे. जीवशास्त्रात आकृत्या पुष्कळ असतात, तिथं उपयोग होईल." निकाल लागला होता.

दादांना हे पावसाळ्यात कळलं. मी सांगितलं नाही, गांडुळानं सांगितलं. प्रॅक्टिकलसाठी मी ते बरणीत घालून घरी आणलं होतं आणि दादा नेमके ती बरणी लोणच्याची समजून उघडायला गेले.

"हे काय?"

"गांडूळ."

"इंजिनीअरला गांडूळ कशाला लागतं?"

दादांनी बरणीकडे बघितलं, शेजारच्या कात्री-चिमट्यांच्या डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"म्हणजे गणित सुटलं म्हणालास ते..."

"मी तेव्हाच सांगितलं होतं, दादा."

ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढे बोलायला लागले, पण जिलबी समोर आली की आजतागायत बाजूला सारतात.

पुढचं थोडक्यात सांगतो. मी डॉक्टर झालो नाही, तेवढे मार्क नव्हतेच. आज एका शाळेत जीवशास्त्र शिकवतो आणि दर जूनला शाळेचं वेळापत्रक बनवायचं काम माझ्याकडे असतं. काशीनाथ इंजिनीअर झाला. पाच-सहा वर्षांनी नोकरी लागली ती एकलहऱ्याला. दादांच्याच युनिटवर.

रुजू झाल्याच्या संध्याकाळी दादा त्याला घरी घेऊन आले. आईनं ताट मांडलं. शेजारून भामरे काकू डोकावल्या. "हा तोच ना, फोनवाला?"

"हो," दादा म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. काशीनाथला त्यांनी स्वतःच्या पाटावर बसवलं, वाटी पुढे सरकवली. मला म्हणाले, "साहेबांना पाणी आण."

मी पाणी आणायला आत वळलो. मागं दादा काकूंना सांगत होते, "फोन आला त्याच दिवशी माझ्या पोरानं दोघांचं काम करून टाकलं. याचंही गणित सुटलं, त्याचंही सुटलं."