कल्याण निमसे आणि बिनगिअरची गाडी

कल्याण निमसेला माणसांची किळस येते ती दर रविवारी. बाकीचे सहा दिवस तो बरा असतो. म्हशींच्या धारा काढतो, उसाला पाणी देतो, राहीबाईशी म्हणजे बायकोशी एखाददुसरं वाक्य बोलतो. पण रविवार उजाडला आणि मुळा धरणाच्या काठाला पुण्या-नाशिकच्या मोटारी येऊन लागल्या, की त्याच्या तोंडाची चव जाते.

धरणाला लागून निमश्यांचा एक बरड पट्टा आहे. कुसळाशिवाय तिथं कधी काही उगवलं नाही. कल्याणच्या पुतण्यानं, करणनं, त्यावर चढउतार आणि वळणं काढली आणि चार क्वाड बाईक आणून उभ्या केल्या. दिसायला मोटारसायकल, पण चाकं चार, आणि तीही ट्रॅक्टरच्या टायरची पिल्लं शोभावीत अशी. चारही गाड्या ऑटोमॅटिक. डाव्या हाताला क्लच नाही, डाव्या पायाला गिअर नाही. उजव्या अंगठ्यानं खटका दाबला की पळते, सोडला की मंदावते. शिर्डीला निघालेलं कुटुंब वाट वाकडी करून येतं, आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकेक फेरी मारतात आणि आपण मोठा पराक्रम केला अशा चेहऱ्यानं उतरतात.

त्यांना गाडी समजावून द्यायचं काम कल्याणकडे. देवानं माणसाला शिक्षा द्यावी तर अशी.

"काका, गिअर कुठे आहेत?"

"न्हाईत. तुमच्यासाटीच काडून ठिवल्यात."

लोकांना ते कौतुक वाटतं. हसतात. मग वळणावर घाबरून ब्रेक आवळतात, मागची चाकं फरपटतात, जमीन नांगरून निघते आणि त्याचाच व्हिडिओ काढतात. वेफर्सच्या पिशव्या बाभळीला लटकतात. बाळाचा लंगोट काठावर टाकून एक बाई निघून गेली, आणि तो उचलला कल्याणनं. एकदा हँडलच्या मुठीखाली कुणीतरी चघळलेलं च्युइंगम चिकटवलेलं त्याच्या बोटांना लागलं. रॉकेलनं हात धुतला तरी त्या दिवशी त्यानं त्या हातानं भाकरी मोडली नाही.

"ही गाडी न्हाई, पाळना हाय," तो थुंकून म्हणायचा. "बसा, हला, उतरा. ज्याला क्लच दाबता येत न्हाई त्यानं गाडीवर बसूच नये."

हे तो कुणालाही सुनावायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला. ऐकणारं कोण आहे, हे बघायची सवय त्याला नव्हतीच.

आता त्याचा हा ताठा अगदीच फुकाचा होता असं नाही. विशीत तो साखर कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. मागं दोन ट्रॉल्या, समोर चढ, आणि अर्ध्या क्लचवर तोललेला ट्रॅक्टर. जरा पाय चुकला तर ट्रॉल्या मागं ओढून नेतील. पुढं पुण्याच्या एका शर्यतवाल्याची लाल क्वाड त्याच्या हाती आली. पाच गिअर, अंगानं हलकी, स्वभावानं तापट. मालकाचं गळपट्टीचं हाड मोडल्यावर घरच्यांनी ती दारातून घालवली होती. कल्याणनं ती पोटच्या पोरासारखी सांभाळली. उतारावर गिअर पाडून इंजिनालाच ब्रेक करायला लावायचा, वळणाआधी वेग कमी करायचा आणि वळणातून मागची चाकं मोकळी सोडत बाहेर पडायचं, हे तो स्वतःचं स्वतः शिकला. आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या मातीच्या शर्यतींत दोनचारदा उतरला. एकदा दुसरा आला. ते गावाला अजून ऐकावं लागतं.

आणि ती सगळी विद्या त्यानं दिली आरतीला. त्याची एकुलती एक मुलगी. पाय गिअरपर्यंत पोचायला लागले तेव्हापासून ती त्या लाल गाडीवर होती. नात्यातल्या बायका म्हणाल्या, पोरीला हे कशाला? कल्याणनं त्यांना उत्तरही दिलं नाही. सतराव्या वर्षी तिचं वळण बापापेक्षा सुबक होतं. ते त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, पण ती गाडी चालवत असली की तो बांधावर उभा राहून स्वतःचा डावा हात हवेत दाबायचा.

दोन वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत आरतीचा डावा हात सापडला. लाईट गेलेली असताना ती मशीनमध्ये अडकलेला कडबा ओढत होती, तेवढ्यात लाईट आली. अंगठा आणि शेवटचं बोट राहिलं, मधली तीन गेली. उरलेल्या दोहोंत क्लच ओढण्याइतकी ताकद नाही. कल्याणनं लाल गाडीवर जुना फ्लेक्स टाकला, सुतळीनं आवळला आणि गोठ्यामागं लावली. त्यानंतर तो जेवायला भिंतीकडं तोंड करून बसायला लागला. राहीबाईला वाटलं, दुःख आहे, निवळेल.

आरतीनं एकदाच विचारलं होतं, करणची गाडी चालवून बघू का?

"त्या पाळन्यावर? त्यापरीस न बसलेलं बरं."

ती आत निघून गेली. बापाला वाटलं, आपण पोरीचा मान राखला. एवढी चांगली ड्रायव्हर, तिला असल्या भिकार गाडीवर कशाला बसवायचं! माणूस स्वतःला काय काय पटवून देतो, ते ऐकलं तर ओकारी यावी.

परवाच्या सोमवारी तो दूध घालून डेअरीवरून परतला. ट्रॅकवर वेफर्सच्या पिशव्या गोळा करायला गेला आणि चिंचेजवळच्या उतरत्या वळणावर थबकला. मातीत ताजे माग होते. टायर करणच्याच गाडीचा, नक्षी ओळखीची. पण कुठं फरपटलेली रेघ नाही. वळणाआधी बऱ्याच अंतरावर वेग कमी केलेला, चाकं आत घेतलेली आणि मग मागची बाजू कोयत्याच्या पात्यासारखी एकसारखी वळत बाहेर पडलेली. कल्याण खाली बसला. मागावर हात फिरवला. कितीतरी रविवारांनंतर त्याला बरं वाटलं.

ऑटोमॅटिकला उतारावर गिअरचा आधार नसतो, ती निसटून पुढं धावते. हे कळून कुणीतरी तिला वरच आवरली होती. असं करायला आधी गिअरची गाडी अंगात मुरलेली असावी लागते.

तो जवळजवळ पळतच करणकडे गेला. करण गाड्या धूत होता.

"कोन चालवून गेला रं सकाळी?"

करण पाईपचं पाणी त्याच चाकावर सोडत राहिला.

"आरं सांग की! लई दिसांनी मानूस बघितला. असला गडी आन् असल्या गाडीवर? त्याला म्हनावं, माजी लाल गाडी घिऊन जा. आत्ता फ्लेक्स काडतो."

"तात्या..." करणनं मान वळवली. पलीकडं पत्र्याच्या शेडखाली आरती हेल्मेट काखेत धरून उभी होती. केसांत धूळ होती.

कल्याणचं तोंड उघडंच राहिलं. "तू?"

"व्हय. महिना झाला. तुमी डेअरीला गेल्यावर."

"मला का न्हाई सांगितलं?"

आरती जवळ आली. "तात्या, एक विचारू? खरं सांगा. तुमाला किळस गाडीची येती, का माज्या हाताची?"

करणनं पाणी बंद केलं.

कल्याणला चिडायचं होतं. बापाला असं विचारतात का, हे वाक्य जिभेवर आलंही होतं. पण पोर समोर उभी होती आणि तो हात त्या हेल्मेटवर होता. दवाखान्यातून आल्यापासून त्यानं तो कधी सरळ बघितला नव्हता. ताट त्या हातानं पुढं सरकलं की तो भिंतीकडं तोंड फिरवायचा. शिवण पडलेली, चकाकणारी, गुलाबी कातडी. आत्ताही मान वळायला लागली. आपल्याच पोरीच्या अंगाची आपल्याला शिसारी येते, हे कळून त्याला स्वतःची जी किळस आली, ती जगातल्या सगळ्या रविवारांना पुरून उरली असती.

"हाताची," तो म्हणाला.

आरतीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. "मला ठावं हुतं," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून ऐकायचं हुतं."

मग तिनंच तो हात त्याच्यापुढं धरला.

"उतारावर हँडलची डावी मूठ सुटती माजी. दोनच बोटं पुरत न्हाईत. ट्यूबचं रबर गुंडाळून जाड करा. माप घ्या."

कल्याण तिथंच मातीत बसला. खिशातून सुतळी काढली. मान अजून वळू बघत होती, ती त्यानं आवरली. त्यानं लेकीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि अंगठ्यापासून माप घ्यायला सुरुवात केली.