आधी जमिनीला इचारायचं

शूटिंगच्या पहिल्या दिवशी कॅमेऱ्यापुढं नारळ फुटला, की सगळ्यांचे हात खोबऱ्याकडं जायचे. जनरेटरवाल्या चाचांचा हात पाण्याकडं. नारळाचं पाणी स्टीलच्या पेल्यात धरून ते जनरेटरच्या गाडीमागं जायचे, जमिनीत ठोकलेल्या तांब्याच्या सळईभोवती ओतायचे आणि म्हणायचे, “आधी जमिनीला इचारायचं. मग चावी फिरवायची.”

वीज कुठं फुटलीच, तर तिनं माणसाच्या अंगातून न जाता तारेवाटे जमिनीत उतरावं, म्हणून ही सळई. भोवती ओल असली की ती चांगलं काम करते. तुम्हीही कधी शूटिंग बघायला उभे राहिला असाल. हीरोकडं बघितलं असेल. सळई ठोकणाऱ्याकडं कोण बघतं?

मी बघायचे. ती तार जागेवर नसली की काय होतं, ते आमच्या घराला ठाऊक होतं.

माझे वडील, आण्णा, सिनेमावाल्यांचे लाइट उचलायचे. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात शूटिंग होतं. खाली जनावरांच्या शेणामुताची ओल, हातात लोखंडी स्टँड, आणि स्टँडमध्ये वीज उतरली. आण्णा वाचले. उजव्या हाताची बोटं मात्र आखडली ती कायमची. मी तेव्हा आठवीत. आई भल्या सकाळी दुसऱ्यांच्या कांद्यात खुरपायला जायची आणि मी आण्णांच्या शर्टाची बटणं लावून शाळेला. बटणं लावून होईपर्यंत आण्णा छताच्या पत्र्याकडं बघत राहायचे.

त्या शूटिंगला जनरेटर चाचांचा होता. त्यानंतर ते दर जुम्म्याला नमाज झाली की श्रीरामपूरहून एसटीनं आमच्याकडं यायचे. कुणाची तरी जुनी पुस्तकं माझ्यापुढं ठेवायचे. “बेटी, मागची वाचून झाली का?” बारावीनंतर कॉलेजचा फॉर्मही त्यांनीच आणला. आमच्या भावकीत तोवर कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं.

आई म्हणाली, “भाईजान, पोरगी एवढं शिकून करनार काय?”

“आमाला शिकवंल,” चाचा म्हणाले.

मी बीएस्सी झाले, सेफ्टीचा कोर्स केला आणि सेटवरच सेफ्टीच्या कामाला लागले. चाचा तिथंही होतेच. चारचौघांत मला ‘मॅडम’ म्हणायचे आणि चहा देताना हळूच, “बेटी, नाडी सुटलीय बुटाची.”

लाइटवाले त्यांची टर उडवायचे. “चाचा, आज काय म्हनली जमीन?”

“तुझंच इचारत हुती. म्हनली, ह्यो चपलीवर का फिरतोय?”

मग पुणतांबा आलं. गोदावरीच्या घाटावरचा सीन. ऊन उतरत आलेलं, नायिका आणि गावातल्या काही बाया गुडघाभर पाण्यात. चाचांनी चावी फिरवली. लाइट लागले आणि जनरेटरचं बटण, वीज कुठं फुटली की आपोआप बंद होणारं, खटकन पडलं. पुन्हा चढवलं, पुन्हा पडलं.

प्रॉडक्शन मॅनेजर घड्याळ बघत आला. “चाचा, ती जमिनीची तार काढा ना. मग नाही पडायचं बटण. पाच मिनिटांचं काम आहे.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तार काढली की बटण पडत नाही. वीज मग दुसरी वाट शोधते.

चाचांनी चावी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. “मॅडमना इचारा.”

“मॅडम, सूर्य तुमच्यासाठी थांबायचा नाही,” मॅनेजर म्हणाला.

पहिलीच नोकरी, तीही सूर्याबरोबर बुडताना दिसत होती. मी मूठ मिटली. “सगळ्यांना पाण्याबाहेर घ्या. प्रत्येक केबल बघितल्याशिवाय जनरेटर चालू होणार नाही.” बाया बाहेर आल्या.

केबल सापडली ती ट्रॉलीच्या चाकाखाली. चिरडलेली, तांबं उघडं पडलेलं, आणि तेही पाण्यालगतच्या ओल्या पायरीवर. मॅनेजरनं वाकून ती बघितली. मग त्यानंच फोन लावला. “सीन उद्यावर घ्या.”

माणसं पांगल्यावर चाचा पायरीवर बसले. “घोडेगावात बी असंच बटन पडत हुतं, बेटी. तवा तार म्या काढली हुती. पाच मिनटाचं काम म्हनून.”

घरी येऊन आण्णांना सांगितलं, तर ते पत्र्याकडं नाही, माझ्याकडं बघत म्हणाले, “ठावं हाय. दवाखान्यात त्यानंच सांगितलं, पाय धरून. म्या म्हनलं, रडू नगं. फकस्त पुन्यांदा तार काढू नगं.”

पुढच्या जुम्म्याला चाचा आले, तेव्हा चहा मीच केला.

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून चाचा सेटवर येत नाहीत. परवाच्या मुहूर्ताला मी आण्णांना घेऊन गेले. नारळ फुटला. आण्णांनी पेला डाव्या हातात धरला, सळईभोवती पाणी ओतलं आणि जुन्या सवयीनं चाचांसाठी मागं वळून बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

आता आमच्या युनिटचा लेखी नियम आहे. तपासणी होईपर्यंत जनरेटरची चावी सेफ्टीवाल्याकडं राहते. नियमाखाली सही माझी आहे. पुणतांब्यापासून आजवर आमच्या सेटवर कुणालाही शॉक बसलेला नाही.