आबांचा माग आणि न पडलेला बॉम्ब

नाशिकहून निघताना माझ्याकडे चिवड्याची पुडी, आत्यासाठी डाळिंबं आणि एक भलामोठा विषय होता. आमच्या वाचनालयाचा दिवाळी अंक यंदा युद्धावर आहे. संपादक निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे विषय विचारून देत नाहीत, नेमून देतात. माझ्या वाट्याला आलं : ‘सागरी नाकेबंदी आणि हवाई हल्ले यांचा युद्धकालीन उत्पादनावरील परिणाम.’ मी आयुष्यभर पोस्टात तिकिटं विकली. पण नाही म्हणवेना, कारण या विषयातला माणूस आमच्याच घरात होऊन गेला होता.

माझे आजोबा, आबा, परळच्या एका गिरणीत विणकर होते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईवर बॉम्ब पडले, अख्खं खातं पळालं, पण आबांनी माग सोडला नाही, हे ऐकतच आम्ही वाढलो. मुंबईवर बॉम्ब पडलेच नव्हते, हे मला शाळेत कळलं. घरी सांगायची मात्र छाती झाली नाही.

दादरला बस दुपारी पोचली. वरळीला आत्याकडे जायच्या आधी हिंदमाताच्या कापडबाजारात शिरले, अभ्यास म्हणून. युद्धात समुद्र बंद झाला, परदेशी रंग येईनासे झाले, गिरण्या तिन्ही पाळ्यांत लष्करासाठी खाकी विणत बसल्या, एवढं मी वाचून आले होते. तेव्हा खाकी हाताला कशी लागते ते पाहावं म्हटलं.

“खाकी दाखवा,” मी दुकानातल्या पोरसवदा दिसणाऱ्या विक्रेत्याला म्हटलं.

“शाळेसाठी की सिक्युरिटीसाठी?”

“युद्धासाठी.”

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “त्यात साडी नाय येत, मावशी. हा मस्टर्ड बघा, जवळपास तोच शेड आहे.”

अभ्यास संपला तेव्हा माझ्या हातात साडीची पिशवी होती. नाकेबंदीचा परिणाम माझ्या उत्पन्नावरही होतो, हे नोंदवून ठेवते.

परळला आबांची गिरणी शोधली. तिचा आता मॉल झालाय आणि चिमणी तेवढी शोभेला ठेवलीय. गिरणीच्या छपराला काचा असत, उजेडासाठी. युद्धात विमानांना दिवे दिसू नयेत म्हणून त्या काळ्या रंगवल्या, मग भर दिवसा आत दिवे लावून लोक उकडत काम करत. मी हे सगळं डोळ्यांसमोर आणत वर बघत उभी होते, तर वॉचमन म्हणाला, “मॅडम, टॉयलेट डावीकडे.” तिथून लालबागला जाऊन वडा-उसळ खाल्ली. उसळीने डोळ्यांत पाणी आणलं, अश्रुधुराचा अनुभवही पदरात पडला.

आत्या वरळीची. जन्म गेला बीडीडी चाळीत, आता त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये राहते. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, पण दारातच माझी हजेरी घेतली. “एवढा वेळ? लिफ्टचं बटण दाबलंस ना गं, की नुसतीच आत उभी होतीस?”

जेवायला बांगड्याचं तिखलं (घट्ट, झणझणीत कालवण) आणि सोलकढी. माझा हात अजून ताटात असतानाच आत्याने भिंतीवरचा फोटो उतरवून पुढ्यात ठेवला. मागाजवळ आबा उभे, गळ्यात हार. कठीण काळात माग चालू ठेवला म्हणून गिरणीने केलेला सत्कार. शेजारी एक सडपातळ माणूस, त्याला हारबीर काही नाही.

“रविवारी खालच्या हॉलमध्ये सगळ्या जुन्या गिरणीवाल्यांचे फोटो लागणार,” आत्या म्हणाली. “हा मोठा करून आण. खाली चार ओळी लिही. वाचून रडू आलं पाहिजे. आणि हा बाजूचा कापायला सांग. लक्ष्मणकाका. फोटोत घुसायची हौस भारी त्यांना.”

आत्या लहान असतानाच आबा गेले. तिला त्यांचा आवाजही आठवत नाही. नळावर, रेशनच्या रांगेत, लग्नाच्या बोलणीत ती कायम ‘माग न सोडणाऱ्याची मुलगी’ होती. तिच्याकडे वडिलांचं एवढंच होतं, आणि ते आता मी मोठं करून आणायचं होतं.

त्याच मजल्यावर दाजी राहतात, लक्ष्मणकाकांचा मुलगा. नव्वदी गाठलेली, पण लढाईच्या काळातलं सगळं लख्ख आठवतं. चार ओळींना जरा माल मिळावा म्हणून संध्याकाळी फोटो घेऊन त्यांच्याकडे गेले. बोलता बोलता कापायचं सांगून बसले.

“माझ्या बापसाक कापतलास?” दाजींनी चष्मा वर केला. “अगो, तुजो आजो पळालो. माग माझ्या बापसान चालवलो. तुमका कोणी सांगितला नाय?”

दाजींनी चहात खारी बुडवली आणि सगळं सांगितलं. गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला तेव्हा गिरणीच्या काचा फुटल्या, आकाश लाल झालं. जपानी आले म्हणून बोंब उठली. आबांनी धोटा (मागावर आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा) तिथेच टाकला आणि मिळेल त्या वाहनाने, उरलेलं पायी, थेट सावंतवाडीकडचं गाव गाठलं. तिथे पोचल्यावर दोन दिवसांत कळलं, की बॉम्ब नव्हता. पण परत यायचं कसं? पुन्हा तेवढं चालायचं बळ नव्हतं, आणि कोकणच्या निम्म्या बोटी सरकारने लढाईसाठी नेलेल्या. उरलेल्यांत जागा मिळेना, आणि मग पावसाळ्याने बंदरच बंद केलं. आबा आले ते नारळीपौर्णिमेनंतर.

एवढे दिवस माग रिकामा राहिला असता तर दुसऱ्याला गेला असता. लक्ष्मणकाका बदली होते (कायम कामगार नसला की त्याच्या जागी लागणारा). गावकीच्या (गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या) एकाच खोलीत दोघांच्या वळकट्या. त्यांनी जॉबरला (मागांवर माणसं लावणाऱ्या मुकादमाला) गाठलं. जॉबरही गावचाच. आबांच्या नावावर हजेरी लागत राहिली आणि माग लक्ष्मणकाका चालवत राहिले. धोटे परदेशातून येत नव्हते, तर खोलीतल्या सुताराकडून करून घेतले. पुढे गिरणीने सत्कार केला तो अर्थातच हजेरीवरच्या नावाचा.

“बापसान शब्द दिलेलो, म्हणून बाहेर बोललो नाय,” दाजी म्हणाले. “पण तुमका ठावक आसतला असा वाटला. नायतर तुमच्या आंब्याची पयली पेटी आमच्याकडे कित्याक येता?”

आमच्याकडे आंब्याची पहिली पेटी न उघडता दाजींकडे जाते, हे खरं. का, ते कोणी विचारलं नव्हतं. शेजार म्हणून, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

परत येताना कॉरिडॉरमध्ये मी बराच वेळ रेंगाळले. गप्प बसावं, फोटो कापून आणावा आणि सोमवारी नाशिक गाठावं, असं मनात आलं. पण दाजी त्या हॉलमध्ये पुढच्या खुर्चीवर बसणार होते. आत्याला सांगून टाकलं.

आत्या डाळिंब सोलत होती. ती थांबली. “म्हणजे बाबा पळाले?”

“हो.”

“कुठपर्यंत?”

“गावापर्यंत.”

“मी जन्मभर नळावर सांगत होते गं,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मला फार वाईट वाटलं. तिने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग उठली, डाळिंबाचे दाणे वाटीत भरले आणि पायांत चपला न घालताच दाजींच्या दाराकडे निघाली. जाताना म्हणाली, “फोटो कापू नको. आणि चार ओळी मी सांगते, तू फक्त शुद्धलेखन बघ.”

रविवारी हॉल भरला होता. दाजी कडक इस्त्रीच्या शर्टात पुढच्याच खुर्चीवर. आत्याची ओळ एकच होती : “डावीकडे, माग ज्यांच्या नावावर होता ते माझे वडील. उजवीकडे, माग ज्यांनी चालवला ते लक्ष्मणकाका.” दाजींनी ती दोनदा वाचली. मग म्हणाले, “बापूस रागावतलो. म्हणतलो, शब्द मोडलास.” आणि रुमालाने चष्मा पुसत बसले, खूप वेळ.

आता घरी परतलेय आणि मुख्याध्यापकांना काय लिहून द्यावं याच्या विचारात आहे. समुद्र अडला, बॉम्ब न पडताच माणसं पळाली, तरी आमच्या घरचं उत्पादन थांबलं नाही, हा परिणाम त्यांच्या विषयात बसेल की नाही कोण जाणे. लेखासोबत फोटोची प्रत देणार आहे. लहानपणापासून पाहत आलेय तो, पण मोठा केल्यावर पहिल्यांदा दिसलं : लक्ष्मणकाका ताठ उभे राहून कॅमेऱ्याकडे बघतायत, आणि आबा, गळ्यात हार घालून, लक्ष्मणकाकांकडे.